नाक मुरडणारी सून

१

आठ महिन्यांच्या बाळाच्या लघवीत तंबाखू सापडली. हे वाक्य मी माझ्या कादंबरीत लिहिलं असतं, तर संपादकांनी त्यावर रेघ मारून ‘पटत नाही’ असा शेरा दिला असता. पण ते बेळगावच्या प्रयोगशाळेनं लिहून दिलं होतं आणि तो अहवाल माझ्या टेबलावर पडला होता.

टेबलापलीकडे बाळाचा बाप प्रज्ञेश बसला होता. चिकोडीला कॉलेजात शिकवतो, वर्गात त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो म्हणतात. माझ्यासमोर मात्र तो मान वर करायला तयार नव्हता.

“तंबाखू म्हणजे नेमकं काय, आक्का?”

“निकोटिन. तंबाखूतलं विष. आणि शेजारी कुणी विडी ओढली म्हणून चढावं एवढंसं नाही. चांगलं भरपूर आहे.”

दोन महिने या सुमेधनं मला नाचवलं होतं. मध्येच ओकायचा, लाळ गळायची, अंग गार पडून घामानं ओलं व्हायचं, डोळे मिटून पडायचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर हातपाय झाडत हसतोय. मी आधी दुधावर संशय घेतला, मग पाण्यावर. शेवटी बेळगावच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी निपाणीचं, तंबाखूच्या गावचं मूल म्हटल्यावर ही तपासणी सांगून टाकली. त्यांना सुचलं आणि मला सुचलं नाही, याचा थोडा राग मला अजून आहे.

माझं नाव ज्योत्स्ना. निपाणीत माझा दवाखाना आहे, आज्यापासून नातवापर्यंत सगळं घर एकाच बाकावर येऊन बसतं असला. दुपारी दार लावलं की मी लिहिते. कादंबऱ्या लिहिते, त्या लोक माझ्या तोंडावर चांगल्या म्हणतात. आईबापांसाठी पुस्तकं लिहिते, ती लोक खरोखर वाचतात. त्यातलं बाळाच्या पहिल्या वर्षाचं निळं पुस्तक तर इकडे डोहाळजेवणाच्या आहेरात देतात.

“घरात सगळे म्हणतात, पारमितानं दिलं,” प्रज्ञेश म्हणाला.

पारमिता त्याची बायको. खानापूरची मुलगी, शिकलेली, जरा अबोल.

“पोटच्या पोराला? कशासाठी?”

“तिला निपाणीत राहायचं नाही. बेळगावला बिऱ्हाड करूया म्हणून मागं लागली होती. पोर इथं सारखं आजारी पडलं, की मग आपोआपच...” त्यानं अहवाल उलटा करून ठेवला. “रविवारी संध्याकाळी बुद्धवंदना झाली की भीमरत्नकाकांनी सगळ्यांना बैठकीला बोलावलंय. तिनं खानापूरला जायचं, सुमेधनं इथं राहायचं, असं ठरत आलंय.”

“सगळे म्हणतात ते कळलं. तू काय म्हणतोस?”

“मला नव्हतं वाटत, आक्का. पण काल आईची मशेरीची डबी सापडली. पारमिताच्या कपाटात, कुलपाच्या आत.”

२

मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडच्या म्हाताऱ्या तिनं दात घासतात आणि वर सांगतात की दातासाठीच आहे.

प्रज्ञेशची आई कोंडाबाई ही त्यातलीच. ती, तिचा नवरा देवाप्पा आणि माझी आई, तिघं तंबाखूच्या एकाच वखारीत राबली. त्यातून प्रज्ञेश प्राध्यापक झाला आणि मी डॉक्टर झाले. म्हणून कोंडाबाई माझी मावशी, आणि त्या घरात मला दार वाजवावं लागत नाही.

देवाप्पांना जाऊन दोन वर्षं होत आली. समोरच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि जरा बाजूला देवाप्पांचा फोटो. फोटोखालच्या खुंटीवर मी पर्स अडकवली. पूर्वी त्या खुंटीवर पर्स अडकवायला जागा नसायची.

मावशी परसात होती, सुमेध तिच्या कडेवर. मला बघून तो हसला. तारेवर वाकळ, म्हणजे गोधडी, वाळत होती. लुगड्याचे काठ, धोतराचे तुकडे, मुंग्यांची रांग जावी तसे बारीक टाके. मधोमध ओला डाग पसरला होता, कडेला चहाच्या रंगाचा. बाळ असलेल्या घरात असला डाग नसेल तर चुकल्यासारखं वाटतं.

“तू शिवलीस, मावशी?”

“मग कोण शिवंल? नाव ठेवायच्या दिवशी पोराला तिच्यावरच निजवला. बोटं बघ कशी भोसकून घेतल्यात.” तिनं बोटं पुढं केली. “माझं लुगडं हाय, ह्यांचं धोतार हाय, समदं हाय तिच्यात. आज्जा काय नातू बघायला ऱ्हायला न्हाय. पोर निदान त्येच्या कुशीत झोपतंय.”

बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागावं, घरातल्या वडीलधाऱ्याचं लागावं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लाभतं, अशी आमच्याकडची समजूत. मऊपणाच्या दृष्टीनं मलाही ती पसंत आहे.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. “दात येताना हिरडीला मशेरी लावलीस का कधी? खरं सांग. मी रागावणार नाही.”

“तू न्हाय रागवायची? तुझी आय न्हवती का रागवत.” ती हसली, मग गंभीर झाली. “न्हाय लावली गं. तुझं निळं पुस्तक सुनंनं वाचून दावलंय मला. आन आता डबीच न्हवती. डबी हरवली तवापासनं प्रज्ञेशनं दुसरी आणू दिली न्हाय. शेजारनीकडं मागाय गेलते, तर तिलाबी त्येनं सांगून ठेवलेलं. घरात मशेरीचा कण न्हवता आन मागल्या आठवड्यात पोर वकलंच की.”

“सून काय म्हणते?”

“ती काय म्हणती? नाक मुरडती.” मावशीनं स्वतःच नाक मुरडून दाखवलं. “आल्यापासनं घराला वास मारतोय म्हणती. भाताच्या वासात वाढलीया, तिला आमचा वास कसा चालंल? बाळंतपण करून म्हायेरास्नं आली तर म्हणती, वास वाढलाय. आता म्हणती वाकळ धुऊया. धुतल्यावर काय ऱ्हातंय गं तिच्यात?”

जाड वाकळ धुतली की आत गोळे होतात, म्हणून बायका ती उन्हात टाकून झटकतात, हे मला ठाऊक होतं. मी मान डोलावली. वासाची खात्री करावी म्हणून जोरात नाक ओढलं. मला बाळाच्या तेलाचा वास आला, स्वयंपाकघरातल्या आमटीचा आला. बाकी काहीसुद्धा नाही.

मावशी पोराला घेऊन आत गेली. मोरीच्या दारात पारमिता कधी येऊन उभी राहिली, मला कळलं नाही.

“आक्का,” ती म्हणाली, “डबी मीच चोरली.”

३

चोरीची कबुली द्यायला एवढ्या शांतपणे उभी राहिलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली.

“तुम्ही आईंना जे विचारलंत ना, तोच संशय मला होता. त्या मुद्दाम करणार नाहीत. पण दात घासताना पोरगं बोट धरतं, चोखतं. म्हणून डबी कुलपात घातली. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. न सांगता झालं ते बघताय तुम्ही.”

“किल्ली कुणाकडे?”

“माझ्याकडे.” ती माझ्याकडे बघत राहिली. “हेही मला कळतं, की किल्ली माझ्याकडे आणि डबी आत असताना सुमेध आजारी पडला.”

मुलीचं डोकं चांगलं चालत होतं. दुर्दैवानं ते तिच्याच विरुद्ध चालत होतं.

“तुझा दिवस सांग मला. सकाळपासून.”

“रात्री तो आईंजवळ झोपतो. डायपर घालून, वाकळीवर. सकाळी माझ्याकडे देतात. मग मी तुमच्या पुस्तकाप्रमाणं करते. डायपर काढायचं, तेल लावायचं आणि इथं कोवळ्या उन्हात मोकळा खेळू द्यायचा. दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्याला पुरळ आलं तेव्हा हे सुरू केलं, ते त्यानं गेलं. वाकळ ओली करतो, कधी मी लगेच उचलते, कधी त्यातच लोळतो. पण आईंना बरं वाटावं म्हणून मी त्यांच्याच वाकळीवर ठेवते. मग आंघोळ, दूध, झोप. आजारी पडला की त्या सुमाराला पडतो.”

“रोज नाही पडत?”

“नाही. रविवारी हे घरी असतात, सकाळीच त्याला फिरवायला नेतात. त्या दिवशी कधीच नाही. दवाखान्यात होता तेव्हाही नाही. खानापूरला माझ्या आईकडे होता, तेव्हा तर एकदासुद्धा नाही.”

“आणि वास?”

तिनं मागं वळून घराकडे बघितलं. “डोकं दुखतं माझं. सकाळी जास्त. आधी वाटलं, गावाचाच आहे, होईल सवय. पण आता सुमेधच्या अंगालाही येतो. मी एकदा बोलले, तर आई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग मी बोलणं सोडलं.” आणि एकदम तिचा आवाज फुटला. “आक्का, तो अजून अंगावर पितो. तो इथं आणि मी खानापुरात, हे कसं जमेल?”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “जमवायचं नाहीच आपल्याला.” हे मी इतक्या ठासून म्हणाले की माझाही त्यावर विश्वास बसला.

भीमरत्न, देवाप्पांचे धाकटे भाऊ, नाक्यावर भेटले. निवृत्त कारकून, कडक इस्त्रीचा शर्ट, तळहातावर चुना-तंबाखू. मी त्या तळहाताकडे बघितलं आणि ते त्यांनी बघितलं.

“डॉक्टर, मी खातो. चाळीस वर्षं खातोय. आन पोराचा मुकाबी घेतो,” ते म्हणाले. “पर मागल्या खेपंला पोर आजारी पडलं तवा मी सदलग्याला लेकीकडं होतो. आठवडाभर. इचारा तिला.”

“विचारीन.”

“इचाराच. आन मग तुमीच हिशेब लावा. रातभर वहिनीजवळ पोर ठणठणीत. सकाळी हिच्या हातात गेलं की आजारी. प्रज्ञेश घरात असला की ठणठणीत. हिच्या म्हायेरात ठणठणीत, हितं आजारी. ह्यात काय ऱ्हायलं सांगा.”

त्यांच्या लेकीला फोन केला. ते खरं बोलत होते.

मी माझ्या कादंबऱ्यांत करते तसं केलं, एकेका माणसावर काट मारली. मावशीकडे मशेरी नव्हती. काका गावात नव्हते. प्रज्ञेश सकाळच्या गाडीनं चिकोडीला जातो, आणि तो घरी असतो तेव्हा काही होत नाही. तंबाखू फक्त कुलपात होती. किल्ली आणि पोर, दोन्ही सकाळी एकाच बाईजवळ असत.

जिला सोडवायला गेले होते, तिच्याभोवतीचा फास मीच आवळून आले होते.

४

रविवारी कडोलीला साहित्य संमेलन होतं आणि माझा त्यात कार्यक्रम होता. मला जायचं नव्हतं. पण बैठक संध्याकाळी होती, आणि घरात बसून तेच चार मुद्दे परत चघळण्यात काही अर्थ नव्हता. सकाळी गाडी काढली.

कडोलीचे श्रोते पक्के. मांडव भरलेला, बायका शेतातली कामं उरकून आलेल्या. मी नव्या कादंबरीतलं एक प्रकरण निवडून नेलं होतं, वाचायलाही उभी राहिले. पुढच्या रांगेत मांडीवर लेकरू घेतलेल्या एका बाईनं हात वर केला.

“बाई, ते ऱ्हाऊ द्या की. निळं वाचा.”

मांडव हसला. लेखकाचा अपमान एवढ्या प्रेमानं फक्त आमच्याकडेच होतो. कुणीतरी निळं पुस्तक माझ्या हातात दिलं, मी मधलंच पान उघडलं आणि वाचायला लागले.

“‘सकाळी काही वेळ बाळाला डायपरशिवाय राहू द्या. कातडीला हवा लागू द्या. अंथरूण ओलं झालं तरी काही बिघडत नाही.’”

आणि मी थांबले.

अंथरूण ओलं झालं तरी. तारेवरची वाकळ, मधोमध ओला डाग, कडेला चहाचा रंग. दूध पिणाऱ्या बाळाच्या लघवीचे डाग मी आयुष्यभर बघत आलेय. ते पाण्यासारखे असतात. चहाचा रंग यायला कावीळ तरी लागते, आणि तपासण्यांत ती कुठंच नव्हती. तो रंग सुमेधचा नव्हता. तो आतून वर आला होता.

मांडवाची माफी मागून मी बाहेर आले आणि प्रज्ञेशला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

“आक्का, सुमेध परत ओकतोय. अंग गार पडलंय.”

“पारमिता कुठं आहे?”

“ती नाही. काकांनी सकाळीच तिला गाडीत बसवून दिलं. म्हणाले, संध्याकाळी तमाशा नको. आक्का, ती घरात नाहीये आणि तरी—”

“डायपर आहे का त्याला?”

“डायपर? संपलेत. तीच आणायची. पण त्याचा काय...”

“वाकळीवर आहे?”

“हो.”

“उचल त्याला. आत्ता. कपडे काढ, कोमट पाण्यानं, साबण लावून सगळं अंग धू, आणि तसाच माझ्या दवाखान्यात ने. सिस्टरना मी सांगते. वाकळीला कुणी हात लावू नका. आणि प्रज्ञेश, एक लक्षात ठेव. तुझी बायको घरात नव्हती.”

 पलीकडून नळाचा आवाज आला.

५

पारमिता बेळगावच्या स्टँडवर सापडली. खानापूरच्या गाड्या तिच्यासमोरून जात होत्या आणि ती बाकावरून उठत नव्हती. “पाय उचलेना,” एवढंच म्हणाली. मी तिची पिशवी गाडीत टाकली. सुमेध आता बरा आहे, दूध प्यायला आणि झोपला, असा सिस्टरचा फोन संकेश्वरच्या अलीकडे आला. तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून रडली आणि मी गाडीचा वेग वाढवला.

निपाणीत शिरताना मी विचारलं, “वास येतो का आता?”

“इथं नुसता गावाचा येतो,” ती म्हणाली. “घरात येतो तो वेगळा. कुबट, ओला.”

मला गावाचाही येत नव्हता. जन्मापासून नाकात भरलेला वास माणसाला येत नाही. त्या घरातल्या एकालाही तो येणं शक्य नव्हतं आणि मलाही नाही. अख्ख्या प्रकरणात एकच नाक कामाचं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या नाकाला नावं ठेवली होती.

दवाखान्यात तिनं सुमेधला घेतलं ते सोडलंच नाही. तसेच आम्ही घरी गेलो. बैठक भरली होती. भीमरत्न मध्ये, मावशी भिंतीला टेकून, प्रज्ञेश दारात. पारमिताला बघून भीमरत्न उठायला लागले.

“बसा, काका,” मी म्हणाले. “तुम्ही हिशेब मांडलात तो बरोबर होता. फक्त त्यात एक माणूस धरायचा राहिला. प्रज्ञेश, मोठ्या पातेल्यात पाणी गरम कर, आणि ती वाकळ आण.”

“वाकळ कशाला?” मावशी सरळ बसली.

“सांगते. पोर माहेरी बरं होतं, दवाखान्यात बरं होतं, रविवारी फिरायला गेलं की बरं होतं. या तिन्ही ठिकाणी पारमिता होती किंवा नव्हती, वाकळ मात्र कुठंच नव्हती. रात्री तो वाकळीवरच असतो, तरी बरा. कारण रात्री डायपर असतं, वाकळ कोरडी असते. सकाळी ही माझ्या पुस्तकाप्रमाणं डायपर काढते, वाकळ भिजते, त्या ओलाव्यात तो उघड्या अंगानं लोळतो, आणि मग ओकतो. आज ही घरात नव्हती. डायपर संपलेलं होतं. वाकळ भिजली आणि तो ओकला.”

“वाकळीत इख असतंय व्हय?” एक म्हातारा म्हणाला.

“भीमरत्नकाका, तुम्ही सांगा. दवात भिजलेली तंबाखू खुडायला गेलेल्या माणसाचं काय होतं?”

भीमरत्न चाचरले. “घेरी येती. वकतंय. कापडं वली झाली की लईच. कातड्यातनं अंगात चढती ती.”

“मोठ्या माणसाला चढते. मग एवढ्याशा जिवाला?”

प्रज्ञेशनं पातेलं आणून ठेवलं. मी वाकळीचं मधलं अंग त्या पाण्यात दाबलं. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग दाट काळपट चहासारखं. वाफ वर आली. आता मात्र मलाही वास आला, घरातल्या प्रत्येकाला आला. पारमितानं पोराला घेऊन दोन पावलं मागं घेतली.

“तंबाखू हाय ही,” भीमरत्न म्हणाले.

मावशी उठून जवळ आली. त्या वाफेवर वाकली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला नव्हता, उजळला होता.

“ह्यांचा वास हाय,” ती म्हणाली. “ह्यांचा वास हाय गं, ज्योत्स्ना.”

मग तिलाच आपले शब्द ऐकू आले.

“त्या खुंटीवर देवाप्पांचा सदरा असायचा,” मी शक्य तितक्या हळू म्हणाले. “वखारीतला. मी त्यांना शेवटचं तपासायला आले तेव्हा होता. परवा खुंटी मोकळी दिसली, तिथं मी पर्स अडकवली आणि विचार केला नाही. तो कुठं आहे, मावशी?”

“हितं.” तिनं वाकळीवर हात ठेवला. “मधल्या थरात. सदरा आन तोंडाला बांधायचा पंचा. धुतला न्हवता. खिशातली भुकटीबी झटकली न्हाय. धुतला असता तर त्यो गेला असता की. मला काय ठावं... पोराला आज्ज्याचा वास लागावा, म्हणून घातला मी.” ती खाली बसली. “मीच घातलं व्हय गं इख? आन बोट हिच्याकडं दावलं?”

खोटं सांगून तिचं समाधान करणं माझ्या जिभेवर आलं होतं. पण समोर पारमिता उभी होती, तिला खऱ्याची गरज जास्त होती.

“विष होतं, मावशी. पण कुणी घातलं नव्हतं. आणि ते सांगणारी एकच होती. तिनं वास येतो म्हटलं, वाकळ धुऊया म्हटलं. तुम्ही नाक मुरडते म्हणालात.”

भीमरत्न उठले, पारमितासमोर जाऊन हात जोडले. “चुकलो, पोरी,” एवढं म्हणाले, आणि आलेल्या माणसांना घेऊन बाहेर पडले. कडक इस्त्रीचा माणूस, पण चूक झाली तर हात जोडायला त्याला वेळ लागला नाही. प्रज्ञेशला लागला. तो बायकोजवळ गेला तेव्हा ती म्हणाली, “मला एकदा विचारलं असतंत.” पुढं बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. ते मी औषधाशिवाय बरं होऊ दिलं.

मावशीनं मात्र कात्री मागितली. “उसवते मी. नदीत सोडून येते. घरात ठेवाया नगो.”

पारमितानं सुमेधला माझ्याकडे दिलं आणि तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

“मी उसवते, आई. तुम्हाला टाके दिसणार नाहीत,” ती म्हणाली. “आणि नदीत कशाला?”

६

आता वाकळ नवी आहे, नुसत्या लुगड्याची, पाच पाण्यानं धुतलेली. सुमेध चालायला लागलाय आणि तिच्यावर बसायला तयार नाही. निळ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत मी एक ओळ वाढवली: बाळाखाली जुनं कापड जरूर घाला, पण आधी ते उकळून घ्या. निपाणीबाहेरच्या वाचकांना ती ओळ कशासाठी आहे ते कळणार नाही. न कळू दे.

बेळगावचं बिऱ्हाड झालं नाही. म्हणजे बोलणं निघालं होतं, प्रज्ञेशनंच काढलं होतं. पारमिता म्हणाली, बघू.

परवा सुमेधला लस टोचायला गेले होते. खुंटी अजून मोकळी आहे, पण देवाप्पांच्या फोटोखाली आता फळी ठोकलीय. तिच्यावर लोणच्याची काचेची मोठी बरणी, घट्ट फिरकीच्या झाकणाची. आत घडी करून ठेवलेला सदरा.

मावशीनं ती बरणी उतरवली, पोराला लांब बसवलं, झाकण फिरवून उघडलं आणि नाक लावलं. जोरात ओढून बघितलं, परत बघितलं. मग कावरीबावरी होऊन स्वयंपाकघराकडे बघितलं.

“पारमिता, ये गं जरा. मला न्हाय येत. हाय का बघ अजून?”

पारमिता पिठाचे हात तसेच धरून बाहेर आली, बरणीवर वाकली आणि डोळे मिटून वास घेतला. नाक मुरडलं नाही.

“हाय, आई,” ती म्हणाली. “लई हाय.”